जुन्या पॅरिश चर्चची वास्तू वाचायची कशी: सांधे, रेटा आणि पाणी

जुन्या कॅथलिक पॅरिश चर्चला, म्हणजे एका वस्तीच्या स्थानिक चर्चला, एकच वय नसतं. दारावर कोरलेलं साल बहुधा एखाद्याच गोष्टीचं असतं: वेदीच्या अभिषेकाचं, दर्शनी भिंतीचं, कधी नुसत्या छपराच्या डागडुजीचं. पॅरिसचं सेंट उस्ताश बघा. काम १५३२ मध्ये सुरू झालं, अभिषेकाला १६३७ उजाडलं. आराखडा आणि उंच सांगाडा गॉथिक (मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीचा), अंगावरची नक्षी त्यानंतरच्या रेनेसाँस शैलीची, आणि पश्चिमेची दर्शनी भिंत अठराव्या शतकातली, अभिजात खांबांची. याला कुठल्या एका खान्यात टाकणार? म्हणून ‘शैली कोणती’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते हे, की कुठला भाग कशाच्या आधीचा, आणि ते कशावरून ठरवलं.

त्यासाठी क्रम ठरलेला बरा: बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी, मग मोजमाप, मग छपराखालची पोकळी, आणि कागदपत्रं सगळ्यात शेवटी. कागदपत्रं आधी वाचली की डोळ्यांना तेवढंच दिसायला लागतं. तीसेक मीटर लांबीच्या साध्या चर्चला दोन माणसांचे दोन दिवस धरा.

सोबत ३० मीटरची टेप, लेझर अंतरमापक, ओळंबा, होकायंत्र, छोटी दुर्बीण, जोरदार टॉर्च, फळीवर लावलेले मोठे कागद आणि पेन्सिल हवी. पेन नको, दमट भिंतीशी उभं राहून लिहिताना शाई फुटते आणि चूक खोडता येत नाही. फादरांची परवानगी घ्या आणि मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना), प्रायश्चित्त संस्कार, अंत्यविधी यांच्या वेळा विचारून ठेवा. वेदीजवळ, अखंड तेवणाऱ्या दिव्यापाशी जी बंद पेटी असते ती टॅबरनॅकल, म्हणजे पवित्र साक्रामेंताची (मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीची) जागा. तिला टेप टेकवायची नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही. तिथलं माप लांबून लेझरने घ्या.

बाहेरची फेरी

आधी होकायंत्र. वेदी पूर्वेला असावी ही जुनी प्रथा, पण ती सगळीकडे पाळलेली नाही. रोमच्या सेंट पीटर्समध्येच वेदीकडचं टोक पश्चिमेला आहे. त्यामुळे वर्णनात गोंधळ नको म्हणून वेदीकडची बाजू ‘पूर्व’ धरायची, आणि खरी उत्तर दिशा नकाशावर वेगळ्या बाणाने दाखवायची. ही खूणगाठ पहिल्याच कागदावर बांधली नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘उत्तरेची भिंत’ म्हणजे नक्की कुठली यावर तास जातो.

भागांची नावंही आत्ताच पक्की करा. मधलं लांब दालन म्हणजे नेव्ह, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांपलीकडची अरुंद दालनं म्हणजे आइल. क्रूसाच्या आकाराचे आडवे बाहू ते ट्रान्सेप्ट, दोन्ही जिथे छेदतात तो चौक म्हणजे क्रॉसिंग. वेदीमागचं अर्धगोल किंवा बहुकोनी टोक ते आप्स. वेदीला लागून, आतून दार असलेली खोली म्हणजे सॅक्रिस्टी. धर्मगुरूंची वस्त्रं आणि मिस्सेची भांडी तिथे असतात. साध्या पॅरिश चर्चमध्ये यातलं निम्मंच सापडेल. आडवे बाहू नसतीलही, आणि नाहीत म्हणून ते ‘पाडले असावेत’ असा निष्कर्ष काढू नका.

आता भिंतीला डावीकडे ठेवून सावकाश फिरा आणि फक्त सांधे शोधा. पाहणीतला सगळ्यात किमती भाग हाच, इथे घाई करू नये.

एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत दगडांचे थर एकमेकांत गुंततात, वरच्या दगडाची दरज खालच्या दगडाच्या मधोमध येते. दोन वेगळ्या काळांतल्या भिंती जिथे भेटतात तिथे मात्र वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसते, आणि दोन्हीकडच्या थरांची उंची जुळत नाही. अशा सांध्यापाशी एकच प्रश्न: कोण कोणाला टेकलंय? ज्या भिंतीचा कोपरा घडीव, चौकोनी दगडांनी पुरा केलेला आहे, ती आधीची. तिला कधीकाळी तो उघडा कोपरा होता. जिचं टोक त्या कोपऱ्याला नुसतं भिडलंय ती नंतरची. एकाआड एक दगड दातांसारखे बाहेर ठेवलेले दिसले, तर बांधणाऱ्यांच्या मनात पुढे भिंत वाढवायची होती आणि पैसा किंवा माणूस संपला असं समजायला हरकत नाही.

बुजवलेल्या खिडक्या-दारं याच फेरीत सापडतात. कमान तशीच राहते, पोटातला भराव वेगळ्या दगडाचा असतो. कमान भिंतीच्या थरांत नीट बसलेली असेल तर ते दार मूळचं. भोवतीचे दगड तुकड्यातुकड्यांनी भरलेले असतील तर दार भिंत फोडून केलेलं. मनोऱ्याच्या भिंतीवर, आजच्या छपराच्या वर, तिरकी कोरलेली पट्टी किंवा उलट्या ‘व्ही’सारखा ठसा दिसला की जुनं छप्पर तिथपर्यंत होतं. छपराचा चढ किती होता हेही त्यावरून मोजता येतं. भिंतीत ठरावीक अंतरावर, एका ओळीत दिसणारी चौकोनी भोकं परांचीच्या वाशांची. दोन बाजूंच्या भोकांच्या ओळी जुळत नसतील तर त्या भिंती वेगवेगळ्या परांचीवरून चढल्या, म्हणजे बहुधा वेगवेगळ्या हंगामांत.

जोडमनोरे सारखे नसले तर ते आवर्जून तपासा. पॅरिसच्याच सेंट सुल्पिस या पॅरिश चर्चचा उत्तरेचा मनोरा दक्षिणेच्या मनोऱ्याहून सुमारे ५ मीटर उंच आहे. उत्तरेचा १७७७ ते १७८० दरम्यान नव्या आराखड्याने बांधला, दक्षिणेचा तसाच राहिला. दक्षिण मनोऱ्यावर दुर्बीण लावली की नक्षीसाठी सोडलेले, न कोरलेले ओबडधोबड दगड अजून दिसतात.

जोतंही बघा. चर्चच्या भोवती शतकानुशतकं दफनं होतात, वाटा पुन्हा पुन्हा घातल्या जातात, आणि जमीन चढत जाते. दारातून आत जाताना पायऱ्या उतराव्या लागत असतील किंवा भिंतीच्या पायथ्याची कोरीव पट्टी अर्धी मातीत गेली असेल, तर जमीन किती चढली ते तिथेच मोजून लिहा. ओलीचा विचार करताना हा आकडा लागणार आहे.

आत गेल्यावर: टॉर्च भिंतीला समांतर

भिंतीवर समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल असा धरा. अर्ध्या हाताच्या टप्प्यात चित्र बदलतं: गिलाव्याखाली बुजवलेल्या कोनाड्याची कड उठते, दगडावर टाकीचे घाव वेगळे दिसू लागतात. एका दगडावर तिरके, समांतर, थोडे वळणदार घाव आणि शेजारच्या दगडावर अगदी सरळ, बारीक, एकसारख्या रेघा असतील, तर दुसरा दगड बहुधा नंतर बदललेला आहे. एका दगडावरून मात्र काही ठरवू नका, निदान दहाबारा बघा. जुना दगड काढून पुन्हा वापरणं ही नेहमीचीच गोष्ट होती.

याच उजेडात भिंतींवर वर्तुळात रंगवलेले किंवा कोरलेले क्रूस शोधा. अभिषेकाच्या विधीत आतल्या भिंतींवर १२ जागी पवित्र तेल लावतात आणि त्या प्रत्येक जागी मेणबत्ती लावतात. क्रूस रंगाखाली गेला तरी मेणबत्तीच्या लोखंडी हुकाचं भोक राहतं. बारांपैकी सातच सापडले आणि उरलेले जिथे असायला हवेत ती भिंत नंतरची निघाली, तर अभिषेक त्या भिंतीच्या आधी झाला हे आपोआप ठरतं.

भिंतीत कमरेच्या उंचीवर, तळाला छोटं भोक असलेलं कोनाड्यातलं कुंड दिसलं तर थांबा. मिस्सेनंतर हात आणि भांडी धुतलेलं पाणी त्यातून थेट जमिनीत जायचं. ते वेदीच्या उजव्या अंगाला, म्हणजे साधारण दक्षिणेच्या भिंतीत असतं. आज त्याच्याजवळ वेदी नसली तरी पूर्वी होती. आइलच्या टोकाला असं कुंड सापडणं हा हरवलेल्या बाजूच्या वेदीचा जवळपास पक्का पुरावा.

सामानसुमानाचं वय इमारतीच्या वयाहून वेगळं ठेवा. काही तारखा पाठ असल्या की पुष्कळ चुका टळतात. क्रूसाच्या वाटेची (ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चित्रमालिकेची) स्थानं १४ असा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये पक्का केला. तेराव्या शतकातल्या भिंतीवर ती चौदा चित्रं असतील तर ती नंतर टांगलेली आहेत. पापनिवेदनाची जाळीची लाकडी खोली सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली सुधारणा आहे, मिलानच्या कार्लो बोर्रोमेओ यांच्या आग्रहातून पसरलेली. ट्रेंटच्या परिषदेनंतर (कॅथलिक चर्चमधल्या सुधारणांची परिषद, १५४५–१५६३) वेदी सगळ्यांना दिसावी म्हणून नेव्ह आणि वेदी यांच्यामधले कोरीव पडदे ठिकठिकाणी काढले गेले. पॅरिसमध्ये असा दगडी पडदा सेंट एत्येन द्यु माँ या एकाच चर्चमध्ये उरलाय. तुमच्या चर्चमध्ये पडदा नसेल तर त्या जागच्या दोन खांबांवर, दोन-तीन मीटर उंचीवर, समोरासमोर भरलेल्या खाचा आहेत का बघा.

शेवटचा मोठा बदल आपल्या आजी-आजोबांच्या काळातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुमारास, २६ सप्टेंबर १९६४ च्या सूचनापत्राने मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावं आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता यावी, असं सुचवलं. त्यानंतर कित्येक ठिकाणी जुनी वेदी मागच्या भिंतीला तशीच राहिली आणि पुढे नवी आली. कित्येक ठिकाणी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेताना गुडघे टेकायचा कठडा काढला गेला. फरशीत एका रेषेत भरलेल्या खळग्या किंवा वेगळ्या रंगाच्या लाद्यांची अरुंद पट्टी दिसली तर ती त्या कठड्याची जागा.

‘रिकामं’ दिसणाऱ्या चर्चबाबत विशेष सावध राहा. बार्सिलोनाचं सांता मारिया देल मार १३२९ ते १३८३ या चोपन्न वर्षांत उभं राहिलं, म्हणून ते एकसंध दिसतं. त्याच्या आतल्या मोकळेपणाचं कौतुक होतं ते मात्र अर्धंच खरं. १९३६ च्या आगीत आतली नक्षीदार बरोक शैलीची वेदी आणि सामान जळालं, आज दिसतो तो त्यानंतरचा मोकळेपणा. दर्शनी गोल खिडकीही मूळची नाही. पहिली १४२८ च्या भूकंपात पडली, आताची १४५९ ची.

मोजमाप

सुटी मापं जोडत जाऊ नका. भिंतीच्या एका टोकाला टेपचं शून्य ठेवा आणि टेप न हलवता प्रत्येक खांब, दार, खिडकीची कड वाचत जा: ०.४२, १.९८, ३.१०, असं. दहा सुटी मापं जोडली की प्रत्येकातली ५ मिलिमीटरची चूक साचत जाते. चालत्या मापात ती साचत नाही. प्रत्येक खणाचे, म्हणजे चार खांबांमधल्या चौकोनाचे, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खण काटकोनी नाही. जुन्या चर्चमध्ये हे नेहमीचंच आहे, आणि नेव्ह व वेदीचा भाग एका रेषेत नसणंही तसंच. सेंट एत्येन द्यु माँमध्ये तो वाक नुसत्या डोळ्यांना दिसतो. क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान कललेली म्हणून चर्च वाकवलं, हे स्पष्टीकरण गाइड हौसेने सांगतात. बहुतेक ठिकाणी खरं कारण म्हणजे जुनी इमारत वापरात ठेवून तिच्याभोवती नवी आखताना झालेली अडचण.

आराखडा १:५० वर, तपशील १:२० वर काढा. मग जुन्या मापांचा ताळा करून बघा. फ्रान्समधला जुना राजमान्य फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, कॅस्टिलची वारा सुमारे ८३.६ सेंटिमीटरची, पोर्तुगीज पाल्मो २२ सेंटिमीटरचा. फ्रेंच चर्चच्या नेव्हची रुंदी १२.९९ मीटर निघाली तर ते सरळ ४० फूट होतात, आणि आखणी त्या मापाने झाली असं म्हणायला आधार मिळतो. दोन सूचना मात्र विसरू नका. गिलावा दोन्हीकडून दोन-तीन सेंटिमीटर खातो, तेवढे मापात मिळवा. आणि माप भिंतीच्या अंगापासून घेतलंय की खांबाच्या मध्यापासून हे लिहा, नाहीतर हव्या त्या आकड्याशी काहीही जुळवता येतं.

रेटा कुठे जातो

दगडी छत असलेल्या चर्चचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरतं: कमान बाहेर ढकलते. तिचं वजन नुसतं खाली येत नाही, पायथ्याशी आडवा रेटा देतं. तो रेटा कोणीतरी घ्यावा लागतो: जाड भिंत, भिंतीला बाहेरून दिलेला धिरा म्हणजे बट्रेस, शेजारच्या आइलचं छत, किंवा दोन पायथ्यांना बांधून ठेवणारी लोखंडी सळई. रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या गोल कमानींच्या, चर्चच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान असतात त्या यासाठी. गॉथिकमध्ये टोकदार कमानीने रेटा थोडा कमी केला आणि छताखालच्या दगडी बरगड्यांनी तो ठरावीक जागी गोळा केला, म्हणून त्या जागा सोडून बाकीची भिंत काचेला मोकळी झाली. १५६८ मध्ये सुरू झालेल्या रोमच्या इल जेसूच्या धर्तीवरच्या चर्चमध्ये आइलच नसतात. बाजूच्या चॅपलांमधल्या, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनांमधल्या, आडव्या भिंती आतल्या आत बट्रेसचं काम करतात. बाहेरून बट्रेस दिसत नाहीत म्हणून रेटा नाही असं नव्हे.

भूकंपाच्या प्रदेशात हेच गणित दुप्पट कडक होतं. फिलिपिन्समधल्या पाओयच्या चर्चला (१६९४–१७१०) पायऱ्यापायऱ्यांचे २४ भलेमोठे बट्रेस आहेत आणि घंटेचा मनोरा मुख्य इमारतीपासून सुटा, अंतरावर आहे. पडला तरी चर्चवर पडू नये म्हणून.

रेट्याची तपासणी अशी करा. नेव्हची रुंदी जमिनीलगत लेझरने मोजा. मग जिथून कमान सुटते त्या उंचीवर, त्याच दोन खांबांमध्ये पुन्हा मोजा. वरची रुंदी जास्त निघाली तर भिंती फाकल्यात. कुठली भिंत किती, हे ओळंब्याने काढा: ८ मीटर उंचीवरून सोडलेला ओळंबा पायथ्याशी भिंतीपासून ४० मिलिमीटरने चुकला, तर कल २०० ला १. प्रत्येक खांबावर हे माप घ्या आणि आलेख काढा. एकच खांब कललाय की सगळी रांग, यावर कारण अवलंबून असतं. एकटा खांब बहुधा पायाची गोष्ट सांगतो, सगळी रांग छताची.

कल दिसला की लगेच घाबरू नका. खांब अर्ध्या उंचीपर्यंत बाहेर झुकलाय आणि त्याच्या वरचे थर पुन्हा सरळ उभे आहेत, असं असेल तर झुकणं बांधकाम चालू असतानाच झालं. गवंड्यांनी ते पाहिलं आणि पुढचे थर ओळंब्यात घेतले. तेव्हापासून तो तसाच उभा आहे.

भेगांचंही तसंच. आधार थोडे फाकले की कमानीच्या माथ्याला खालून भेग पडते, आणि दोन्ही खांद्यांना वरच्या अंगाने. म्हणजे माथ्याची भेग चर्चमध्ये उभं राहून दिसते, खांद्याची फक्त छतावरून. अशा तीन भेगांनी कमानीला तीन बिजागऱ्या मिळतात आणि ती नव्या रुंदीशी जुळवून घेऊन उभी राहते. चौथी बिजागरी तयार झाली की ती कोसळू शकते. म्हणून माथ्यावर एक बारीक, सरळ भेग ही बहुतेक जुन्या छतांची नेहमीची अवस्था आहे. ती सिमेंटने गच्च भरण्यात फायदा नाही, उलट हवामानाबरोबर होणारी हालचाल दुसरीकडे ढकलली जाते.

भेग जिवंत आहे की मेलेली? आत धूळ, कोळिष्टकं, जुना रंग शिरलेला असेल तर जुनी. कडा धारदार आणि आतला दगड ताज्या रंगाचा असेल तर नवी. खात्रीसाठी भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा त्रिकोणात तीन छोटे धातूचे ठिपके चिकटवा आणि त्यांच्यातली अंतरं दर महिन्याला व्हर्नियर कॅलिपरने मोजा. दोनच ठिपके लावले तर भेग रुंदावते ते कळतं, सरकते ते कळत नाही. सोबत तापमान लिहा. निदान पूर्ण वर्षभर मोजायला हवं, कारण उन्हाळ्यात मिटणारी आणि थंडीत उघडणारी भेग तीन महिन्यांच्या मोजणीत भयंकर वाटते. काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत सोडून द्या. ती फुटली एवढंच कळतं. किती, केव्हा आणि कुठल्या दिशेने, हे नाही.

मनोऱ्यात वेगळा त्रास असतो. पूर्ण वर्तुळात फिरवली जाणारी घंटा आपल्या वजनाच्या जवळपास चौपट उभा आणि दुपटीच्या आसपास आडवा धक्का देते. घंटेचा सांगाडा लाकडाचा असो वा पोलादाचा, तो ढिला होऊन भिंतीवर आदळतोय का ते घंटा वाजत असताना हात ठेवून बघा, अर्थातच घंटाघराच्या खालच्या मजल्यावरून. घंटा चालू असताना वर जायचं नाही.

पाणी

बहुतेक चर्चना रेट्यापेक्षा पाण्याने जास्त मारलंय. त्यामुळे एक फेरी भर पावसात घ्याच. पाऊस सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी पन्हळी भरून वाहतात का, उतरणीच्या नळाच्या सांध्यातून पाणी भिंतीवर येतं का, नळाच्या तोंडाशी जमिनीवर डबकं होतं का, हे बघा. कोरड्या दिवशी हेच डाग आणि शेवाळ बघून ताडावं लागतं. दोन छपरांच्या मधली पन्हळ सगळ्यात घातकी: खालून दिसत नाही, पानांनी तुंबते, आणि पाणी सरळ भिंतीच्या पोटात उतरतं. छपराखालच्या पोकळीत गेलात की वाशांचं भिंतीत बसलेलं टोक टोच्याने तपासा. कुजणं तिथून सुरू होतं, मधून नाही. कुजल्या टोकाची तुळई भिंतींना बांधून ठेवायचं काम सोडते, आणि मग वर सांगितलेलं फाकणं सुरू होतं.

भिंतीच्या पायथ्याशी मीटरभर उंचीपर्यंत ओल आणि वर पांढरी पूड दिसली तर बाहेर चढलेल्या जमिनीचा आकडा काढा. चर खणून जमीन उतरवणं हा उपाय खरा, पण चर्चभोवती खणायचं म्हणजे थडग्यांत खणायचं. परवानगी आणि पुरातत्त्वाचा जाणकार नसताना फावडं लावू नये.

दुरुस्तीतली सगळ्यात महागात पडणारी चूक सिमेंटची. मऊ दगडाच्या भिंतीत दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीतलं पाणी दरजांतून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून पडतं. पाण्यातले क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन तिला आतून ढकलतात. काही वर्षांनी दगड पापुद्रे सोडून आत जातो आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या बाहेर उभ्या राहतात. योग्य काम असं: सैल झालेला माल छिन्नी-हातोडीने काढायचा, यंत्राने कापायचा नाही, कारण त्याने दगडाच्या कडा जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर. धूळ झाडून, पाणी मारून, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग खरखरीत, धुतलेली, लहानमोठ्या कणांची वाळू असं मिश्रण दाबून भरायचं. माल जरा घट्ट झाला की ताठ कुंच्याने ठोकायचा, घासायचा नाही. मग ओल्या गोणपाटाने झाकून निदान आठवडाभर ऊन-वाऱ्यापासून जपायचं. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू, बाहेरून आत पकडतो. भराभर वाळला की भुसभुशीत होऊन गळतो. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

गिलावा काढून ‘मूळ दगड’ उघडा करायचा मोहही आवरा. डबराच्या आणि मऊ दगडाच्या भिंती बहुधा गिलाव्यासाठीच बांधलेल्या असतात. जुन्या गोव्यातल्या १५९४ ते १६०५ दरम्यान बांधलेल्या बॉम जेझूस बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, आणि तेव्हापासून तिचा जांभा पावसाचा मारा उघड्या अंगावर झेलतोय. लोकांना मात्र तो तांबूस रंगच आता ‘मूळचा’ वाटतो.

खिडक्यांत काचेपेक्षा लोखंड तपासा. दगडात रोवलेल्या आडव्या सळया गंजल्या की फुगतात आणि चौकटीचा दगड टोकाशी फोडतात. भेग नेमकी सळईच्या टोकापासून निघालेली असते, त्यावरून कारण लगेच कळतं.

कागद आणि नोंद

आता कागदपत्रं. ट्रेंटनंतर पॅरिशमध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक झालं, पण वास्तूसाठी त्यांच्यापेक्षा जमाखर्चाच्या वह्या कामाच्या. चुना, कौलं, घंटा ओतणारा, सुतार यांचे पैसे तिथे महिन्यासकट लागतात. बिशपांच्या पाहणीचे अहवालही मागून घ्या. किती वेद्या आहेत, कुठली खिडकी फुटलीय, कुठे गळतं, हे त्यात रोखठोक असतं. खर्चाची नोंद म्हणजे काम झाल्याचा पुरावा, ठराव म्हणजे फक्त इच्छेचा. ही दोन वेगळी ठेवा.

शेवटी आराखड्यावर प्रत्येक टप्प्याला एक रंग द्या, आणि प्रत्येक सांध्यापाशी कुठली बाजू आधीची हे बाणाने दाखवा. नोंदीत तीन खुणा वापरा: डोळ्यांनी पाहिलेलं, त्यावरून काढलेलं अनुमान, आणि कोणीतरी सांगितलेलं. सालाबद्दल शंका असेल तर ‘अमक्या भिंतीनंतर, तमक्या छपराआधी’ एवढंच लिहा. तेही पुष्कळ असतं. एक प्रत पॅरिशच्या दप्तरात द्या. फोटोंसोबत फोटो कुठून घेतला त्या जागेचं दोन भिंतींपासूनचं अंतर आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच जागी उभं राहून तीच भेग पुन्हा टिपता येईल.